मास्तरणीचा फोन

आधी ते फोन इकडे द्या. सगळ्यांचे. हो, तुझाही, दात काढू नकोस. या टोपलीत टाका आणि टोपली तिकडे कठड्यापाशी नेऊन ठेवा. गोष्ट मी फुकट सांगतोय, पण मध्येच कुणाचा टिंग असा आवाज आला तर मी सरळ उठून झोपायला जाईन. मग बसा गच्चीवर चांदण्या मोजत.

खरं तर ही गोष्ट मला सांगायचीच नव्हती. पण ही तुमची बहीण सोमवारपासून रात्रपाळीला जाणार आहे. घरच्या माराला कंटाळून निघालेल्या बायकांना जिथे लपवून ठेवतात ना, तसल्या घरात. मघाशी हसत हसत मला विचारते, काका, तुम्ही अशा घराची गाडी चालवायचात, तिथे भुतंबितं दिसली का कधी? म्हटलं, भुताचं मागून बघू, आधी माणसांचं ऐक.

तर बाहेरून बघाल तर ते साधं दुमजली घर होतं. फाटकावर पाटी, ‘महिला शिवणक्लास’. क्लास वगैरे काही नव्हता. पुढच्या खोलीत एक पायाचं शिलाई मशीन आणि दोन खुर्च्या, कुणी डोकावलंच तर दिसायला. वरच्या मजल्यावर खोल्या, त्यांत बायका आणि त्यांची पोरं. खाली ऑफिस, आणि ऑफिसातल्या खाटेवर रात्रभर टक्क जागी बसलेली ताई. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण सगळं घर तिला ताई म्हणायचं म्हणून मीही म्हणायचो. रात्री फोन आला की घ्यायचा, कुणी आली की आत घ्यायचं, कुणाला झोपेत कापरं भरलं तर शेजारी जाऊन बसायचं, उद्या कोर्टात काय बोलायचं ते पुन्हा पुन्हा समजावायचं, हे तिचं काम. दिवसपाळीच्या मुली तिला घुबडताई म्हणायच्या. तीही कमी नव्हती. म्हणायची, अंधारात घुबडालाच दिसतं गं, तुम्ही खुशाल घोरा.

त्या घराचे नियम कडक. पत्ता कुणाला सांगायचा नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, देवालाही नाही, असं मोठ्या बाई म्हणायच्या. मोठ्या बाई म्हणजे ते घर चालवणाऱ्या. दुसरा नियम फोनचा. नवी बाई आली की तिचा फोन बंद करायचा, बॅटरी निघत असेल तर काढायची, आणि सगळं ऑफिसच्या कपाटातल्या बिस्किटांच्या मोठ्या डब्यात ठेवायचं. कारण फोन चालू राहिला की माग काढणारा बरोबर दारात येऊन उभा राहतो. आणि तिसरा नियम, मोठ्या बाईंचा आधी फोन आल्याशिवाय रात्री दार उघडायचं नाही. बाहेर कुणी का असेना.

ताई हे नियम डोळ्यांत तेल घालून पाळायची. का, ते तिलाच ठाऊक होतं. तरुणपणी तिनेही नवऱ्याचा मार खाल्ला होता. मनगट मोडलं तरी माहेरी उघड कळवायची सोय नव्हती, शेवटी अंधारात चोरून तिने दादाला फोन लावला. एका रात्री तिच्या मागच्या दारावर थाप पडली. दोन थापा, मग थोडं थांबून एक. लहानपणी दादा उशिरा घरी यायचा तेव्हा आईला कळू नये म्हणून अशीच थाप द्यायचा आणि ही हळूच कडी काढायची. त्या रात्रीही हिने कडी काढली. बाहेर दादा उभा, स्कूटर घेऊन. चिमे, चल, म्हणाला. बस, इतकंच. ती अंगावरच्या कपड्यांनिशी मागे बसली आणि पुन्हा त्या घराकडे तिने वळून पाहिलं नाही.

तेव्हापासून ती दादाकडेच राहायची. दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि ही. दादाचं कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान. रोज रात्री तोच तिला स्कूटरवरून सोडायला यायचा, पण घरापर्यंत नाही. तीन गल्ल्या अलीकडे एक मेडिकलचं दुकान होतं, त्या कोपऱ्यावर. मी बायकांच्या हॉस्टेलवर ड्यूटी करते, एवढंच तिने घरी सांगितलेलं. दादाने कधी खोदून विचारलं नाही. चेष्टा मात्र करायचा. एवढं लपतछपत जातेस, बँक फोडायला निघालीस की काय, म्हणायचा. स्कूटर वळून दिसेनाशी झाली की मगच ती पायी निघायची. भावाशीही लपवाछपवी करावी लागते याचं तिला मनातून वाईट वाटायचं. मला एकदा म्हणाली होती, काका, जगात एका माणसाच्या खांद्यावर मी डोळे मिटून डोकं ठेवीन, आणि त्यालाच मी रोज खोटं सांगते.

आता मास्तरणीबद्दल सांगतो, मग त्या रात्रीकडे येऊ. घाई करू नका.

ही त्याच्या आदल्या वर्षी आलेली बाई. आठ-नऊ वर्षांची मुलगी बरोबर. आली तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. आठवड्याभराने पुढच्या खोलीतल्या मशीनवर जाऊन बसली, तेल घातलं, पट्टा बसवला आणि शिवायला लागली. पडदे, पोरांच्या चड्ड्या, बायकांचे ब्लाउज. मग बाकीच्यांना शिकवायलाच लागली. खोट्या पाटीचा खरा क्लास केला बघा तिने. म्हणून नाव पडलं मास्तरीण. उरलेल्या चिंध्यांतून तिने डब्यातल्या फोनांसाठी लहान लहान पिशव्या शिवल्या, प्रत्येकीवर खोलीचा आकडा दोऱ्याने काढला. तिची एक खोड होती. शिवण संपली की उलटे तीन बारीक टाके आणि गाठ आतल्या बाजूला, दिसणार नाही अशी. ताईच्या ब्लाउजची बाही तिने अशीच दुरुस्त करून दिली होती. म्हणाली, ताई, गाठ बाहेर दिसली की कुणीतरी नेमकं तिथूनच उसवतं.

एका सकाळी ती मुलीच्या खोकल्याचं औषध आणायला त्या मेडिकलच्या कोपऱ्यापर्यंत गेली. परत आली नाही. नवरा तिथे येऊन थांबला होता. हाताला धरून गाडीत घालून घेऊन गेला. पंधरवड्याच्या आत कळलं, जिन्यावरून पडली म्हणे. मुलीला तिच्या आजीने नेलं. फोन न्यायला मात्र कुणी आलं नाही.

नवऱ्याला तो कोपरा कळला कसा? घरात सगळ्यांनी एकच ठरवलं, तिनेच केला असणार फोन. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून. बायका करतात असं. मन ओढ घेतं, वाटतं आता सुधारला असेल. ताईलाही तेच वाटलं, आणि तिला त्याचा संताप आला. मेलेल्या बाईचा संताप. मी हिच्यासाठी रात्र रात्र जागले आणि हिने माझ्या पाठीमागे पत्ता दिला, या घरातल्या सगळ्यांच्या जिवाशी खेळली. मास्तरणीचं नाव निघालं की ताई तोंड फिरवायची. नवी बाई आली की तिला मास्तरणीची गोष्ट सांगायची, धडा म्हणून.

आता ती रात्र. नोव्हेंबरची एकोणीस तारीख, गुरुवार.

आदल्या दिवशी एक तरुण पोर आली होती, सहा महिन्यांचं बाळ घेऊन. नवरा बड्या घरचा, ओळखीपाळखीचा. ती सापडली तर बाळ हिसकावून घेतील आणि तिचं काय करतील ते तिने ताईला सांगितलं होतं. तिला शुक्रवारी पहाटे मी दुसऱ्या गावी पोचवायचं ठरलं होतं. म्हणजे एवढी एक रात्र काढायची होती. बाळाची दुधाची बाटली येताना रस्त्यात फुटली होती आणि ते वाटी-चमच्याने पीत नव्हतं, म्हणून मोठ्या बाईंनी ताईला फोन केला, येताना एक बाटली घेऊन ये.

दादाने तिला नेहमीसारखं कोपऱ्यावर सोडलं. तिने मेडिकलमधून बाटली घेतली, तापाचं औषध घेतलं, दुकानदाराने विचारलं तेव्हा बाळाचं वय सांगितलं. वळून बघते तर दादा अजून तिथेच, स्कूटर चालू ठेवून. हसून म्हणाला, काय गं, या वयात बाटली कुणाला? ती म्हणाली, बरोबरच्या एकीला हवी होती. बरं बरं, म्हणाला आणि वळला. तो दिसेनासा झाल्यावर ती निघाली. रोजच्यासारखीच निघाली.

रात्री सगळं शांत झालं. बाळ पोटभर प्यायलं, झोपलं. पण त्या पोरीला काही झोप येईना. बाळाला घेऊन ती खाली ऑफिसात आली आणि ताईच्या मागे लागली, माझा फोन फक्त एकदा द्या, आईचा निरोप आलाय का तेवढं बघते, लगेच बंद करते. ताईने समजावलं. ती रडायला लागली. मग ताईने तिला मास्तरणीची गोष्ट सांगितली. आणि शेवटी म्हणाली,

“तिनेही असाच हट्ट केला असेल कुणाकडे तरी. तिनेच सांगितला पत्ता. स्वतः मेली आणि आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.”

हे तिच्या तोंडून निघालं मात्र...

कपाटात फोन वाजला.

ताईचा पहिला विचार भुताचा नव्हता हं. तिला वाटलं, दिवसपाळीच्या कुणीतरी नव्या पोरीचा फोन चालूच ठेवलाय. म्हणजे घात झाला, माग निघाला. ती झटकन उठली, कपाट उघडलं, डबा खाली काढला. आवाज एका पिशवीतून येत होता. दोन नंबरच्या. ती पिशवी कुणाची ते तिला ठाऊक होतं. दोरी ओढून तिने पिशवी हातावर उलटी केली. फोन बाहेर पडला. त्याच्यामागून बॅटरी पडली, वेगळी. वर्षभरापूर्वी तिनेच आपल्या हाताने काढून ठेवलेली.

आवाज थांबला होता. फोनची काच काळीठिक्कर.

त्या पोरीने विचारलं, ताई, काय झालं? काही नाही, ताई म्हणाली. तिने फोन पिशवीत घातला. बॅटरी घातली. दोरी आवळली.

पुन्हा वाजला.

तिच्या हातात वाजला. पिशवीच्या कापडातून उजेड दिसत होता. तिने बाहेर काढला... मागची बाजू उघडी, बॅटरीची जागा रिकामी... आणि काचेवर एक नंबर. नाव नाही, नुसते आकडे. ताईला आख्ख्या जगात एकच नंबर पाठ होता. मनगट मोडलेल्या हाताने, अंधारात, न बघता लावता यावा म्हणून पाठ केलेला. एवढ्या वर्षांत तो बदलला नव्हता.

दादाचा.

तिने फोन कानाला लावला. हॅलो म्हणाली नाही. पलीकडे स्कूटरच्या इंजिनाची घरघर होती. मग दादाचा खोकला, तो ती झोपेतही ओळखेल. मग दादाचा आवाज. तिच्याशी नव्हता तो बोलत. शेजारी कुणीतरी होतं.

“हाच कोपरा. इथून पायी जाते. मघाशी मागे राहून पाहिलं मी, शिवणक्लासची पाटी आहे. बाळाची बाटली घेतलीय तिने, म्हणजे तुमची बायको तिथेच आहे. पण मारझोड नको हं. मागच्या वेळेलाही त्या गृहस्थांना मी हेच...”

मग काहीच नाही. उजेड गेला. तिच्या हातात बॅटरी नसलेला, वर्षभर मेलेला फोन.

तिचं मन ऐकायलाच तयार होईना. आपल्याला झोप अनावर झाली असेल, स्वप्न पडलं असेल, काहीही. दादा? माझा दादा? तिने ऑफिसच्या फोनवरून घरी लावला. वहिनीने झोपेतच उचलला. म्हणाली, अगं, तेच मी म्हणतेय, अजून कसे नाही आले हे? तुझ्या हॉस्टेलवर काहीतरी अडचण आहे, चिमीने थांबवून घेतलंय, असं मला फोन करून सांगितलं की त्यांनी.

ताईने फोन ठेवला. आता रडायला वेळ नव्हता. तिने मोठ्या बाईंना फोन करून उठवलं, म्हणाली, पोलिसांना कळवा, त्या पोरीला आत्ताच्या आत्ता हलवावं लागेल. मोठ्या बाई झोपेतून उठलेल्या, वैतागलेल्या. पत्ता फुटलाय हे तुला कोण म्हणालं, असं विचारायला लागल्या. आता काय सांगणार होती ती? मेलेल्या बाईचा फोन वाजला म्हणून?

“माझ्या भावाने फोडलाय,” ती म्हणाली. “सख्ख्या भावाने. आजही आणि मास्तरणीच्या वेळीही.”

मी पोलिसांना सांगते, तू गाडी बोलाव, मोठ्या बाई म्हणाल्या.

मग मला फोन आला. मी दोन गल्ल्या पलीकडे राहायचो. शर्टाची बटणं लावत गाडी काढली आणि दिवे न लावता मागच्या बोळात आणली. मागच्या दाराने ती पोर आली, बाळ छातीशी. ताईने तिला आत बसवलं, अंगावरून शाल दिली. मी म्हटलं, ताई, तुम्हीही बसा. म्हणाली, वर बाकीच्या बायका आहेत, त्यांना काय वाऱ्यावर सोडू? तुम्ही निघा. तिचा चेहरा त्या अंधारात मला नीट दिसला नाही हे बरंच झालं.

बोळातून निघून मोठ्या रस्त्याला लागताना मला तो मेडिकलचा कोपरा ओलांडावा लागला. एक मोठी गाडी उभी होती, रिकामी. शेजारी स्कूटर. तीही रिकामी. म्हणजे ती माणसं पायी पुढे गेली होती. मी पोरीला म्हटलं, खाली वाक, वर बघू नकोस. आणि गाडी दामटली. पुढच्या चौकीवर पोलीस होते, पोरीला आणि बाळाला त्यांच्या हवाली केलं आणि त्यांनाच बरोबर घेऊन उलटा फिरलो. मधल्या वेळात जे झालं ते ताईने मला नंतर सांगितलं. एकदाच सांगितलं.

तिने वरच्या सगळ्यांना एका खोलीत घालून कडी लावायला सांगितली. खालचे दिवे मालवले. आणि पुढच्या दाराच्या आत उभी राहिली. दाराला दोन अडसर.

काही आवाज नाही. गल्लीत कुत्रंही नाही.

मग थाप पडली.

दोन... आणि थोडं थांबून एक.

अरे, तुम्हाला काय सांगू. त्या थापेवर तिचा हात आपोआप अडसराकडे गेला. लहानपणापासून त्या थापेला तिने दार उघडलं होतं. त्या थापेनेच तिला एकदा जिवंत बाहेर काढलं होतं. आणि आज तीच थाप...

“चिमे,” बाहेरून दादा म्हणाला. “मी आहे गं. उघड.”

तिने अडसराकडे गेलेला हात मागे घेतला.

“वहिनीला बरं नाही. तुला न्यायला आलोय.”

“वहिनीशी मी आत्ताच बोलले, दादा.”

बाहेर कुणीतरी पुटपुटलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. मग दादाचा आवाज अगदी दाराला चिकटून आला, समजूत घालतात तसा.

“हे बघ, बाप आहे तो त्या बाळाचा. माझ्या दुकानात आला होता, बायको हरवलीय म्हणून तिच्या फोटोच्या प्रती काढायला. लहान मुलासारखा रडत होता गं. मला बघवेना. तू कसल्या हॉस्टेलवर जातेस ते काय मला कळत नव्हतं? नुसतं भेटायचंय त्याला.”

“मास्तरणीचा नवरा पण रडला होता?”

बाहेर चपला पायरीवर घासल्या.

“दादा, तुला विचारतेय मी.”

“...तो समजूत घालून नेणार होता तिला. मला काय माहीत तो असं...”

“आणि मी रे? मला का घेऊन आलास तू त्या रात्री?”

मग दादा जे बोलला, ते ताईच्या डोक्यातून मरेपर्यंत जाणार नाही.

“तीच चूक झाली माझी, चिमे. तुला आणलं आणि तुझा संसार मोडला. एवढी वर्षं तुला एकटी बघतोय घरात. वाटतं, तेव्हा जरा थांबलो असतो तर... म्हणून म्हटलं, दुसऱ्या कुणाचा तरी...”

ती दाराला पाठ लावून खाली बसली. एकेकाळी मोडलेलं मनगट तिने दुसऱ्या हाताने धरलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते हेच. वैऱ्याने कापला असता तर एवढं दुखलं नसतं. ज्या एका गोष्टीच्या आधारावर ती जगत होती, ती गोष्ट त्याला चूक वाटत होती. वर्षानुवर्षं. तिला रोज रात्री स्कूटरवरून सोडताना, चेष्टा करताना. आणि ज्या बाईने काही केलं नव्हतं, तिला ही वर्षभर शिव्या घालत होती.

“मास्तरणी,” ती हळूच म्हणाली. “चुकलं गं माझं.”

बाहेरच्या दुसऱ्या माणसाचा संयम संपला. दारावर लाथ बसली. अडसर करकरला. दुसरी लाथ. वर कुणाचं तरी पोर रडायला लागलं.

आणि पुढच्या खोलीत...

मशीन सुरू झालं.

आधी चाकाचा एक फेरा. मग पायाची लय. खटखट खटखट खटखट. एकसारखी, घाई नाही, थांबणं नाही. खोलीत अंधार. ताईला उठून बघायचा धीर झाला नाही. दाराबाहेरची लाथ थांबली. त्यांनाही ऐकू जात होतं.

“आत कोण आहे?” दादाने विचारलं. आवाज बदललेला.



खटखट खटखट... मग एकदम थांबलं. दोरा तोडल्यासारखा बारीक आवाज आला.

आणि दाराबाहेर फोन वाजला. दादाचा. तिला तो सूर ओळखीचा होता. वाजत राहिला, पण कुणी उचलेना. उचल की तो, दुसरा माणूस खेकसला. दादा काहीतरी बोलत होता, पण शब्द नव्हते त्यात. नुसतं... नाही... नाही... असं. मग पावलं धावली. एकाची, मग दुसऱ्याची. फोनचा आवाज त्यांच्याबरोबर लांब लांब गेला.

आम्ही पोचलो तेव्हा दार शाबूत होतं. पोलिसांनी त्या नवऱ्याला त्याच्या गाडीपाशीच धरला, हातातून पडलेली किल्ली तो गाडीखाली चाचपत होता. दादा मेडिकलच्या पायरीवर बसला होता. पळायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता त्याने. डाव्या हाताने छातीवरचा खिसा मुठीत गच्च धरलेला. पोलिसांनी विचारलं, दुखतंय का छातीत? मान हलवून नाही म्हणाला.

उजाडायला आलं तेव्हा ताई तिथे आली. मी तिच्या मागे होतो, म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दादाने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं आता माफी मागेल, काहीतरी बोलेल. पण त्याने नुसती मूठ सोडली आणि म्हणाला, “चिमे, हे उसव.”

त्याच्या शर्टाच्या खिशात फोन होता. अधूनमधून आतून उजेड लागत होता आणि विझत होता. पण फोन काढता येत नव्हता, कारण खिशाचं तोंड शिवलेलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मशीनची बारीक शिवण. अंगावरचा शर्ट हो. रात्रीच त्याच खिशातून फोन काढून त्याने वहिनीला लावला होता.

पोलिसाने कुठूनतरी ब्लेड आणलं. ताईने ते हातात घेतलं. वाकली, शिवणीचं टोक शोधायला लागली. शेवटाला उलटे तीन टाके होते. तिने स्वतःच्या बाहीकडे एकदा बघितलं. मग ब्लेड पोलिसाला परत दिलं आणि शिवणक्लासकडे चालायला लागली.

मी जवळ जाऊन पाहिलं. गाठ कुठेच दिसत नव्हती.